गव्हाणीतला बाहुला

चार वर्षं झाली, आमच्या घरात कुणी माझ्या हातात तान्हं बाळ दिलेलं नाही. दिलं नाही म्हणजे कुणी तोंडानं नको म्हणलं असं नाही. तसं म्हणलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कुणाला ऐकत नाही हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण कुणी काही म्हणायचंच नाही. मी जवळ गेले की बाळाला भूक लागायची. नाहीतर झोप यायची. नाहीतर नेमकी तेव्हाच शी व्हायची आणि त्याला उचलून आत न्यायचे.

यंदा तर बाळ घरातच होतं. धाकट्या जावेचा मुलगा, अडीच महिन्यांचा. जाऊ दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. बाळंतपणाला माहेरी जालन्याला गेली आणि नाताळ सासरी करायचा म्हणून डिसेंबर लागता लागता परत आली. त्याची दुपटी मी धूत होते, गच्चीवर वाळत घालत होते, घड्या करून तिच्या खोलीत ठेवत होते. त्याची गुटी उगाळत होते. रडला की माझा जीव वरखाली व्हायचा. पण तीन आठवड्यांत मी त्याला एकदाही उचललं नव्हतं. सासूबाई, जाऊ, माझा नवरा, सगळे असे काही हुशारीनं मधे उभे राहायचे की वाटावं यांनी तालीम केली असेल.

आता पुढचं सांगायच्या आधी हे सांगूनच टाकते, म्हणजे ऐकणाऱ्यानं अडखळायला नको. मला दोन मुलं झाली. मोठी मुलगी, ती आता सात वर्षांची आहे. आणि तिच्या पाठीवर मुलगा. तो तीन महिन्यांचा होऊन गेला.

आमचं चर्च लहान आहे. शहरातल्या जुन्या दगडी चर्चांशी त्याची बरोबरी नको. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, पुढं एक चौथरा. पण चौथऱ्यावरचं नाताळाचं नाटुकलं बघायला पार वाळूजहून माणसं यायची. त्याला कारण एक रीत. त्या वर्षी आमच्या मंडळीत जे सगळ्यांत शेवटी जन्मलं असेल ते बाळ चोवीस तारखेच्या संध्याकाळी येशूबाळ व्हायचं. मुलगा असो, मुलगी असो, काळं असो, गोरं असो. दिवे घालवायचे, पोरं गाणं म्हणायला लागायची, आणि त्या अंधारात बाळाची आई पडद्यामागून यायची, बाळाला गव्हाणीत ठेवायची आणि पुन्हा पडद्यामागं जाऊन बसायची. दिवे लागले की गव्हाणीत जिवंत, हातपाय हलवणारं बाळ. माणसं एकदम हं करायची. दर वर्षी तेच, तरी दर वर्षी करायची.

माझा मुलगा झाला त्या वर्षी शेवटचा तोच. दोन महिन्यांचा होता. माझ्या आईनं विणलेली पिवळी कानटोपी त्याच्या डोक्याला घट्ट बसायची. मला असल्या गोष्टीत नसता शहाणपणा लई. म्हणलं, येशूबाळ काय कानटोपी घालून जन्मलं होतं का, फोटोत कसं दिसेल? टोपी काढली, स्वेटर काढला, नुसत्या पांढऱ्या बाळंत्यात गुंडाळला. बारा-पंधरा मिनिटांची तर गोष्ट. सगळ्यांनी हं केलं. फोटो छान आले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला निमोनिया झाला आणि पाच दिवसांत तो गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळचा आणि याचा काहीएक संबंध नाही, मधे महिना गेलाय बाई. हे माझ्या डोक्याला पटलं. बाकी अंगाला अजून पटलेलं नाही.

त्यानंतरच्या नाताळाचं मला फारसं आठवत नाही. तेव्हा झोपेच्या गोळ्या चालू होत्या. साडी नेसल्याचं आठवतं, तिसऱ्या बाकावर बसल्याचं आठवतं, आणि मग सकाळी घरात जाग आल्याचं. नवऱ्यानं सांगितलं, तुला चक्कर आली म्हणून मधूनच आणलं. ठीक आहे म्हणलं. त्याच्या पुढच्या वर्षी चर्चला गेले तर गव्हाणीत बाहुला.

प्लॅस्टिकचा, गुलाबी, निळ्या डोळ्यांचा. आडवा केला की डोळे मिटणारा. त्यातही एकच मिटायचा, दुसरा तसाच उघडा. मंडळीत त्या वर्षी तीन बाळं झाली होती. तीन. तरी बाहुला. कुणी का म्हणून विचारलं नाही, कुणी नाराज झालं नाही, दिवे लागल्यावर कुणी हं केलं नाही. पुढच्या वर्षीही तेच. मला कळायचं ते कळलं. गव्हाणी अपशकुनी ठरली आणि त्याला कारण मी. ख्रिस्ती झालो म्हणून काय, माणसं मराठवाड्यातलीच. दृष्ट, नाट, पांढरा पाय, हे शब्द बाप्तिस्म्याच्या पाण्यानं थोडेच धुतले जातात. मनातल्या मनात मी सगळ्या मंडळीशी भांडण मांडलं. रविवारी भक्तीला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, आमेन झालं की पहिली बाहेर. पाळकीणबाई, आमच्या पाळकांच्या म्हणजे पास्टरांच्या बायको, हात धरून विचारायच्या, बरी आहेस ना? मी म्हणायचे, मला काय धाड भरलीय.

आणि तो, माझा मुलगा. त्याचंही सांगायला पाहिजे. वर्षभर तो नसतो. घर, मुलीची शाळा, माझी शिकवणी, कशात काही नसतो. पण डिसेंबर लागला, घराघरांत चांदण्या लटकायला लागल्या, गाण्यांच्या तालमी सुरू झाल्या की तो येतो. दिसत बिसत नाही, तसलं काही मी मानत नाही. डाव्या खांद्यावर वजन येतं. मी भाजी चिरत असते आणि एकदम लक्षात येतं, आपण उजव्या एकाच हातानं काम करतोय, डावा हात छातीशी वाकवलेला आहे. कितीदा तो मी सरळ केला असेल. थोड्या वेळानं बघावं तर पुन्हा वाकलेला.

यंदा शहागंजला मुलीचे कपडे घ्यायला गेलो होतो, मी आणि ती. तिचा फ्रॉक झाला, मोजे झाले. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, और कुछ? आणि मी म्हणलं, लडके का स्वेटर दिखाओ. म्हणजे जावेच्या बाळासाठी असं माझ्या मनात असेल, नक्कीच असेल. पण त्यानं विचारलं, कितने साल का है बच्चा? मी म्हणाले, चार का. इतकं सहज म्हणाले. त्यानं चार वर्षांच्या मापाचे स्वेटर काढून समोर मांडले. लाल, निळा, एकावर मोटारगाडी. मी मोटारगाडीचा उचलून मुलीच्या खांद्याला लावून बघितला, तिच्यापेक्षा एवढा बुटका असेल, म्हणजे बाह्या होतील बरोबर. मुलगी म्हणाली, मम्मी, मला लहान होतोय, कुणाला घेतेय? मी स्वेटर खाली ठेवला आणि फिर आती हूं म्हणून बाहेर पडले. बाहेर गर्दीत मला हातगाडीचा धक्का लागला. मी त्या हातगाडीवाल्याला असं काही सुनावलं की बिचारा बघतच राहिला.

एकवीस तारखेला चर्चमध्ये शेवटची तालीम होती. मुलगी मरिया झाली होती. डोक्यावर माझी निळी ओढणी, चेहरा अगदी गंभीर. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. मरियेनं गव्हाणीतलं बाळ उचलून मांडीवर घ्यायचं होतं. तिनं बाहुल्याला हात लावला, उचलला, त्याच्या उघड्या डोळ्याकडं बघितलं आणि परत ठेवला. पाळकीणबाई म्हणाल्या, घे बाळा, घे. ती म्हणाली, "हे मेलेलं बाळ आहे. गार आहे. मला काकीचं बाळ पाहिजे."

  पाळकीणबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग घाईघाईनं म्हणाल्या, नाही नाही, बाहुलाच बरा, काकीचं बाळ लहान आहे, थंडी आहे. पेटीवाला माझ्याकडं बघत होता. मेंढपाळ झालेल्या पोरांच्या आया माझ्याकडं बघत होत्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. मुलीच्या डोक्यावरची ओढणी ओढून घेतली, तिला हाताला धरलं आणि निघाले.

स्कूटीवर ती मागं बसली होती, माझ्या कमरेला घट्ट धरून. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो. तिनं माझ्या पाठीला तोंड लावून विचारलं, मम्मी, माझा भाऊपण असाच गार होता का? ती तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही तिला आत्याकडं पाठवलं होतं, तिनं काही बघितलेलं नव्हतं. मी ऐकू आलंच नाही असं दाखवलं. सिग्नल कधी हिरवा झाला कळलं नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी करंज्या होत्या. पाचोडहून आत्याबाई आल्या होत्या, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सासरे गेले तरी नाताळ त्या भावाच्याच घरी करतात. दर वर्षी गव्हाणीसाठी कडब्याची एक पेंढी घेऊन येतात, एसटीत कंडक्टरशी वाद घालत. म्हणतात, शहरात तुमच्यात कडबासुदिक मिळत नाय, अन् चालले येशूला झोपवायला. तर त्या पेंढीचा पाचोळा झाडून काढत होत्या. सासूबाई तळत होत्या, मी लाटत होते, जाऊ दारात भिंतीला टेकून बाळाला पाजत बसली होती. आत्याबाई म्हणाल्या की यंदाचा कडबा मऊ आहे, टोचायचा नाही.

मग मी बोललेच. म्हणलं, टोचायला तिथं जीव कुणाला आहे? प्लॅस्टिकला काय मऊ अन् काय टणक. सासूबाई हळूच म्हणाल्या, राहू दे. त्या राहू दे मुळं तर मी आणखीच पेटले. म्हणलं, काय राहू दे? चार वर्षं राहूच दिलंय. सरळ तोंडावर म्हणा ना, की हिच्या पायगुणानं झालं, हिची सावली नको बाळांवर. देवाच्या घरात बाहुला ठेवायचा, आपल्या घरात बाळ लपवायचं, आणि वर मला विचारायचं बरी आहेस का. मूग गिळून बसलेत सगळे. हे म्हणताना मी लाटणं आपटलं. बाळ दचकलं, जावेनं त्याला पदराखाली घेतलं. तेही मला दिसलं. म्हणलं, बघा, हे असं.

आत्याबाईंनी पेंढी बाजूला ठेवली. त्यांचा आवाज एरवी शिवारात हाक मारायचा आहे. पण त्या अगदी हळू बोलल्या. "पोरी, बाहुला तुझ्यामुळंच आलाय, व्हय. पण तू समजतीस तसा नाय."

सासूबाई म्हणाल्या, वन्सं, नका. आत्याबाई म्हणाल्या, का नको? पोर आतल्या आत किडतीय, अन् आपण चांगुलपणा करतोय. मग त्यांनी सांगितलं.

तो गेला त्याच्या पुढच्या नाताळाला गव्हाणीत दुसऱ्या एका घरची मुलगी होती. दोन-अडीच महिन्यांची. दिवे लागले, सगळ्यांनी हं केलं, आणि मी तिसऱ्या बाकावरून उठले. कुणाला वाटलं बाहेर जाते. मी चौथऱ्यावर गेले. गव्हाणीतून ती मुलगी उचलली. अंगावरची शाल काढून तिला गुंडाळली. पर्समधून पिवळी कानटोपी काढून तिच्या डोक्यावर चढवली, कान झाकले, बंद बांधला. आणि मग तिला छातीशी घेऊन तिथंच कडब्यात मांडी घालून बसले.

कुणी ओरडलं नाही, आत्याबाई म्हणाल्या. नवरा पुढं यायला लागला तर पाळकांनी त्याला हातानं थांबवलं. पाळकांनी दिवे घालवायला सांगितले. माणसांना म्हणाले, अंधारातच उठा, मागं न बघता घरी जा, आणि जे बघितलं ते हिला कधी सांगू नका. माणसं गेली. पोरांच्या तोंडावर हात ठेवून आया त्यांना घेऊन गेल्या. त्या मुलीची आई तेवढी राहिली. ती पडद्यामागून आली आणि माझ्याशेजारी कडब्यात बसली. मुलगी मागितली नाही, हात पुढं केला नाही. नुसती बसली, मी देईपर्यंत.

कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या, कुणी काढल्या नाहीत. मी डोकं पार पिळून बघितलं. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवेना. आठवायला लागलं असतं तर बरं झालं असतं. आत्याबाई दुसऱ्याच कुठल्या बाईची गोष्ट सांगतायत असं वाटत होतं, आणि त्या बाईच्या पर्समध्ये माझ्या मुलाची टोपी होती. ती टोपी पत्र्याच्या पेटीतून कुठं गेली म्हणून मी सासूबाईंशी महिनाभर भांडले होते. त्यांनीच फेकून दिली असं मी म्हणाले होते. त्या म्हणाल्या होत्या, असेल, माझ्याकडनंच गेली असेल. आणि गप्प ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळी नवरा दारात चांदणी लावत होता, स्टुलावर चढून. मी विचारलं, खरं का? त्याला काय ते लगेच कळलं. तो खाली उतरला नाही, वायर तशीच हातात धरून म्हणाला, खरं. मग म्हणाला, "पण कुणी तुझ्या हातातून हिसकावून घेतलं नाही. तू आपण होऊन दिलंस." मी विचारलं किती वेळानं. तो म्हणाला, लई वेळानं. तीन वर्षं त्यानं ते एकच वाक्य मला सांगायला जपून ठेवलं असावं असं मला वाटलं.

राग कुणावर काढायचा तेच कळेना, आणि राग काढायला माणूस नसलं की माझे फार हाल होतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मला कुणी पांढऱ्या पायाची म्हणलंच नव्हतं, मीच म्हणत होते. आमच्या मंडळीत कुणाच्या घरी दुधावर साय आली नाही तरी बोभाटा होतो. ती शंभर-सव्वाशे माणसं तीन वर्षं गव्हाणीत बाहुला ठेवून, तोंडाला कुलूप लावून बसली होती, माझ्यासाठी. शेवटच्या बाकावर बसून मी त्यांच्या मानांकडं रागानं बघत होते.

पण खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत माझ्या मनात उपकारबिपकार काही नव्हतं. भीती होती. माझ्या हातांनी काय केलं हे माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत. मग हे हात पुन्हा काय करतील ते कुणी सांगावं? आधी लोक मला बाळापासून लांब ठेवायचे, आता मीच राहायला लागले. जाऊ आंघोळीला गेली आणि बाळ रडायला लागलं तर मी गच्चीवर निघून गेले. तिथं उभी राहिले तर डावा हात वाकलेला. मी उजव्या हातानं तो खाली ओढला आणि कठड्याला धरून ठेवला.

चोवीसला संध्याकाळी सगळे चर्चमध्ये गेलो. मुलीला मरिया करायला मी चौथऱ्याशेजारच्या संडे स्कूलच्या खोलीत गेले. बेंचवर बाहुला पडला होता, एक डोळा उघडा. मुलीला मी समजावलं होतं, की हाच घ्यायचा, नाटक असतं, त्यात सगळं खोटंच असतं. तिनं मान हलवली होती, पण बाहुल्याकडं बघत नव्हती. बाहेर पोरांचा गोंधळ, पेटीचे सूर, आणि दार लोटून जाऊ आत आली. बाळाला घेऊन. कानटोपी, स्वेटर, त्यावर बाळंतं, त्यावर दुपटं, असा बंदोबस्त करून. आत्याबाई मागं होत्या. त्यांनी आधीच पाळकीणबाईंना दरडावलं होतं, की येशूनं टोपी घातली म्हणून आभाळ कोसळत नाही.

जाऊ माझ्यासमोर उभी राहिली. वयानं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, एरवी माझ्या आवाजाला घाबरते. म्हणाली, ताई, यंदा हा शेवटचा. ह्याला तुम्ही ठेवा.

मी दोन पावलं मागं गेले. तिला म्हणलं, तुझं डोकं फिरलंय का? परवा दारात बसून सगळं ऐकलंस ना? मला काही आठवत नाही त्यातलं. उद्या मी उठलेच नाही तर? आता उठलेच नाही तर? मी हे ओरडून म्हणाले असणार, कारण बाहेरची पेटी थांबली.

ती म्हणाली, "ऐकलं म्हणूनच आले. तुमच्यानं उठवलं नाही तर मी येऊन शेजारी बसते. आपल्याला घाई कशाची आहे?"

आणि तिनं बाळ माझ्या हातात दिलं. विचारलं नाही, दिलं. डावा हात तर वाकलेलाच होता. त्याचं डोकं तिथं बसलं. जड होता. चार वर्षांत मी विसरले होते की बाळ इतकं जड असतं. मान जराशी डुगडुगली, तोंडानं हवा चोखत होता. त्याला माझा काही भरवसा असेल असं वाटण्याचं कारण नव्हतं, पण तो आपला निवांत.

दिवे गेले. बाहेर नवरा बटणापाशी होता. पोरांनी गाणं सुरू केलं. मी पडद्यामागून निघाले. आठ-नऊ पावलं असतील, पण अंधारात चौथऱ्याची कड पायानं चाचपत जावं लागतं. पुढं माणसं बसलेली कळत होती. खोकला नाही, कुजबूज नाही. जावेनं बाहेर सांगितलं होतं का कोण जाणे, पण सगळ्यांना ठाऊक होतं अंधारात कोण चाललंय ते. गुडघ्याला कडबा लागला. मी खाली बसले.

त्याला कडब्यावर टेकवलं. पाठ टेकली, डोकं टेकलं. आता हात काढायचा. उजवा निघाला. डावा निघेना. मी काही मुद्दाम करत नव्हते, तो निघतच नव्हता. दुपट्याखाली तो ऊब धरून बसला होता. कडव्याचा शेवट आला. गाणं तिथं संपायचं असतं आणि दिवे लागायचे असतात. दिवे लागले नाहीत. पेटीवाल्यानं तेच कडवं परत धरलं. पोरांनी परत म्हणलं. मग तिसऱ्यांदा. एखादं पोर चुकून पुढं जाईल असं वाटलं, पण कुणी गेलं नाही. पडद्यामागं बांगड्या वाजल्या, जाऊ उठून उभी राहिली असावी, येऊन बसायला. शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर माझी मुलगी मरिया होऊन बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. 

मी खाली वाकले. काही दिसत नव्हतं. दूध आणि लोकर असा वास येत होता. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी माझ्या मुलाचं नाव घेतलं. चार वर्षांत मी ते मोठ्यानं घेतलं नव्हतं. मग कानटोपी चाचपून बघितली, दोन्ही कान झाकलेले होते. ते बघितल्यावर हात निघाला.

मी पडद्यामागं आले. दिवे लागले. बाहेर सगळ्यांनी हं केलं. जाऊ माझा दंड धरून उभी होती, तिचा चेहरा रडून लाल झाला होता. तिला अजून वाटतं की त्या संध्याकाळी मी तिचं बाळ गव्हाणीत ठेवलं. तिला वाटू दे. अंधारात मी माझं ठेवलं, टोपीसकट, आणि त्याला तिथं सोडून उठून आले.